खाऱ्या पाण्यातील माशांचे फाटलेले पर: निदान आणि उपचार

प्रस्तावना

टाकीतल्या माशाची शेपटी झिजल्यासारखी दिसू लागली की बहुतेक जण आधी मत्स्यालयाचे दुकान गाठतात. दुकानदार पिवळी भुकटी किंवा निळ्या औषधाची बाटली देतो आणि ते औषध थेट मुख्य टाकीत जाते. गोड्या पाण्याच्या टाकीत हे कधी कधी निभावून जाते. खाऱ्या पाण्यात मात्र त्याच सवयीमुळे एका माशाचा त्रास सगळ्या टाकीवर येऊ शकतो.

या पाठात आपण खाऱ्या पाण्याच्या टाकीतील हाडांच्या माशांच्या परांना होणारी इजा कशी ओळखायची आणि तिच्यावर काय करायचे ते पाहणार आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. फाटलेला पर हा रोग नसून खूण आहे. फ्यूज उडाला की तो का उडाला हे न पाहता तुम्ही नवा फ्यूज बसवत नाही. इथेही तसेच वागायचे आहे. कारण सापडले तर बऱ्याच वेळा औषधाची गरजच पडत नाही.

पराची रचना आणि खाऱ्या पाण्याचा प्रश्न

पर म्हणजे बारीक, सांधे असलेल्या हाडांच्या काड्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेला पातळ पडदा. छत्री डोळ्यांसमोर आणा. पडदा दोन काड्यांच्या मधे उभा चिरला तर नुकसान किरकोळ असते, काही दिवसांत तो सांधतो. काडीच तुटली तर वेळ लागतो, पण तीही पुन्हा वाढते. जखमेवर आधी त्वचेच्या पेशी पसरतात, मग त्यांच्याखाली नव्या पेशींचा एक कोंभ तयार होतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. त्यातून काडी आणि पडदा दोन्ही पुन्हा बनतात. झेब्राफिश या गोड्या पाण्यातल्या लहान माशावर या प्रक्रियेचा भरपूर अभ्यास झाला आहे. काड्यांचे बुंधे शाबूत असतील तोवर पर परत येण्याची आशा असते. झीज बुंध्यापर्यंत जाऊन शरीराच्या मांसात शिरली की प्रकरण गंभीर होते. म्हणून निदानात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की झिजेची रेषा बुंध्याकडे सरकते आहे की जागच्या जागी आहे?

आता खाऱ्या पाण्याकडे येऊ. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडांच्या माशाच्या रक्तातली क्षारांची संहती त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. परासरणाच्या नियमाने माशाच्या शरीरातले पाणी सतत बाहेर जात राहते. ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्वचा आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर ही गळती आटोक्यात ठेवतात. जखम मोठी झाली की तिथून गळती वाढते. परावरची लहानशी चीर मासा सहज पेलतो, पण पर आणि त्वचा मिळून बराच भाग उघडा पडला तर पाण्यात राहूनही तो निर्जलित होतो.

गोड्या पाण्यातल्या माशाची परिस्थिती उलटी असते. तिथे पाणी आत शिरते, म्हणून टाकीत थोडे मीठ घातले की माशावरचा ताण कमी होतो. ‘पर सडले तर चिमूटभर मीठ टाका’ हा घरगुती सल्ला तिथून आला. खाऱ्या पाण्यात त्याला काही अर्थ नाही हे आता तुमच्या लक्षात आले असेल. कापसासारख्या बुरशीचेही असेच. गोड्या पाण्यात हा त्रास देणारा सॅप्रोलेग्निया समुद्राच्या पूर्ण खारटपणात टिकत नाही. त्यामुळे समुद्री माशाच्या परावर पांढरा पुंजका दिसला तर तो बुरशी समजून उपचार करू नका. तो मेलेल्या ऊतींचा, जीवाणूंचा किंवा पुढे येणाऱ्या एका विषाणूचा असण्याची शक्यता जास्त.

पराची कड वाचायला शिका

निदानाची सुरुवात डोळ्यांनी होते. टाकीपासून दोन-तीन हात लांब बसा आणि वीस मिनिटे काही न करता पाहा. काचेला नाक लावले की मासे तुमच्याकडे खाऊच्या आशेने येतात आणि त्यांचे खरे वागणे दिसत नाही. मोबाइल स्टँडवर लावून चित्रीकरण केले तर आणखी चांगले, विशेषतः खाणे देताना आणि दिवे मालवण्याआधीच्या अर्ध्या तासात. बहुतेक भांडणे याच वेळी होतात.

कड सरळ चिरलेली, चीर दोन काड्यांच्या मधून गेलेली, बाकी पर स्वच्छ आणि रंग नेहमीचा असेल, तर इजा यांत्रिक आहे. जाळीत अडकणे, दगडाच्या फटीतून घाईने पळणे, पंपाच्या तोंडाशी ओढले जाणे अशी कारणे शोधा. सर्जनफिशच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो आणि तो जाळीत हमखास गुंततो. असे मासे जाळीने न पकडता प्लास्टिकच्या डब्यात हाकलून पकडावेत. लायनफिशच्या बाबतीत तर तुमच्याच हाताचा प्रश्न आहे, त्याचे काटे विषारी असतात.

पराचा तुकडाच गेलेला असेल, अर्धवर्तुळाकार खाच पडली असेल आणि एकाच माशाला हे होत असेल, तर कोणीतरी चावते आहे. असा मासा बहुधा वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या मागे दबून राहतो.

कड दातेरी, दुधट, अपारदर्शक झाली असेल, काड्या उघड्या पडून झाडूसारख्या दिसत असतील आणि पराच्या बुंध्याशी लाली असेल, तर जीवाणूंचा संसर्ग मानावा. समुद्री माशांमध्ये व्हिब्रिओ आणि टेनासिबॅक्युलम या गटांतले जीवाणू यात वारंवार आढळतात. हे जीवाणू समुद्राच्या पाण्यात एरवीही असतात. निरोगी माशाची त्वचा त्यांना थोपवते, जखमी किंवा ताणाखाली असलेल्या माशाची थोपवू शकत नाही. म्हणून जीवाणू सापडले तरी ‘त्यांना वाट कोणी करून दिली?’ हा प्रश्न उरतोच.

एकाच वेळी अनेक माशांचे पर कडेने झिजू लागले, मासे धापा टाकू लागले, तर संशयित माशांत शोधू नका, पाण्यात शोधा.

परजीवींची लक्षणेही परांवर उठून दिसतात. मिठाचे दाणे चिकटल्यासारखे सुटे पांढरे ठिपके क्रिप्टोकॅरिऑनचे. त्याहून बारीक, सोनेरी धुळीसारखा थर आणि जलद श्वास हे अमायलूडिनियमचे, आणि हा परजीवी काही दिवसांत टाकी रिकामी करू शकतो. क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत थराच्या साली सुटू लागल्या तर ब्रुकलिनेलाचा संशय घ्यावा. क्रिप्टोकॅरिऑनबद्दल एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. तो माशावर काही दिवसच राहतो, मग गळून तळाशी कोष करतो. ठिपके आपोआप नाहीसे होतात आणि आपल्याला वाटते की औषध लागू पडले. पुढे कोषातून शेकडो नवे परजीवी बाहेर पडतात.

परावर फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या टणक पांढऱ्या गाठी असतील तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणूजन्य आजार. दिसायला भयंकर, पण सहसा जीवघेणा नसतो. यावर औषध नाही. पाणी आणि आहार सुधारला की गाठी बहुधा आपोआप गळून जातात.

भरणारा पर आणि सडणारा पर

इथे सर्वांत जास्त चुकीचे निदान होते, म्हणून थोडे थांबू. नव्याने वाढणारा पडदा रंगहीन असतो. केशरी क्लाउनफिशच्या शेपटीला अचानक पांढुरकी कड दिसली की विद्यार्थी घाबरतात आणि बऱ्या होत असलेल्या माशाला औषध देतात. नवा पडदा काचेसारखा पारदर्शक असतो, त्याची कड गुळगुळीत असते आणि तो बाहेरच्या दिशेने वाढतो. सडणारी कड दुधट असते, तुटक असते आणि बुंध्याकडे सरकते.

नजरेवर विसंबू नका, मोजा. रोज एकाच वेळी, मासा काचेला समांतर असताना बाजूने फोटो घ्या. मासा कॅमेऱ्यापासून रोज सारख्या अंतरावर नसणार, म्हणून सेंटिमीटर मोजण्याऐवजी गुणोत्तर काढा. शेपटीच्या पराची लांबी भागिले तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. हे गुणोत्तर तीन-चार दिवस सलग घटत असेल तर झीज चालू आहे. स्थिर असेल किंवा वाढत असेल तर हात आवरा.

पाण्याची तपासणी

कोणत्याही औषधाआधी पाणी तपासायचे. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस ही नेहमीच्या प्रवाळी माशांसाठी ठीक मर्यादा आहे. बाष्पीभवनात फक्त पाणी जाते, मीठ मागे राहते. म्हणून कमी झालेली पातळी गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे. उन्हाळ्यात हे विसरले की आठवड्याभरात खारटपणा चढतो.

खरा शत्रू अमोनिया. पाण्यात तो दोन रूपांत असतो, मुक्त अमोनिया आणि अमोनियम आयन. पहिला कल्ल्यांना आणि त्वचेला भाजतो, दुसरा बराच कमी घातक असतो. दोन्हींचे प्रमाण पीएच ठरवतो. २५ अंशांना अमोनियमचा पीकेए सुमारे ९.२५ धरा. मुक्त अमोनियाचा अंश म्हणजे १ भागिले, १ अधिक १० चा (पीकेए वजा पीएच) इतका घात.

पीएच ७.० असताना हा अंश सुमारे ०.५६ टक्के येतो. पीएच ८.२, म्हणजे समुद्री टाकीचा नेहमीचा आकडा, घेतला तर सुमारे ८ टक्के. टेस्ट किटवर दोन्हीकडे एकूण अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसला, तरी समुद्री टाकीत विषारी भाग जवळपास पंधरा पट असतो. हे सूत्र गोड्या पाण्यासाठी आहे. क्षारांमुळे खऱ्या समुद्री पाण्यात अंश थोडा कमी भरतो, पण फरकाची जात तीच राहते. समुद्री टाकीत अमोनिया ‘थोडासा’ दिसला तरी पाणी बदलायचे, ते यासाठी. नायट्राइटबाबत उलट दिलासा आहे. समुद्राच्या पाण्यातले भरपूर क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरण्यापासून अडवते, त्यामुळे इथे त्याचे विषारीपण गोड्या पाण्यापेक्षा खूप कमी असते. किट घेताना ते खाऱ्या पाण्यासाठी चालते का, हे मात्र वेष्टनावर वाचून घ्या.

एक उदाहरण

समजा तुमच्या ९० लिटरच्या टाकीत ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी वर्षभर सुखाने आहे आणि तुम्ही त्याच जातीचा तिसरा मासा आणून सोडला. आठवड्याने तिसऱ्याच्या शेपटीचा खालचा कोपरा तुकड्यांनी गेलेला दिसतो. अमोनिया शून्य, बाकी दोघांचे पर धड. मासा वरच्या कोपऱ्यात थरथरत उभा असतो.

क्लाउनफिशच्या कुटुंबात उतरंड असते. सर्वांत मोठा मासा मादी, दुसरा प्रजननक्षम नर, बाकीचे खालचे. मादी गेली तर तो नरच मादी होतो. समुद्रात सी-ॲनिमोनच्या आसऱ्याला राहणाऱ्या गटात खालच्या माशाला दबून का होईना जागा असते. ९० लिटरच्या काचेत पळायला वाट नसते. इथे निदान ‘चावा’ आणि उपचार ‘वेगळा करा’ इतकाच आहे. प्रतिजैविक दिले तर जीवाणू मरतील, पण मादीचे दात तसेच राहतील.

पण समजा वेगळे करायला चार दिवस उशीर झाला आणि कड दुधट होऊन बुंध्याशी लाली आली. आता जखमेवर जीवाणूंनी कब्जा केला आहे. इथून पुढे विलगीकरण टाकी लागते.

विलगीकरण टाकी आणि मात्रेचे गणित

मुख्य टाकीत औषध टाकू नये याचे साधे कारण आहे. टाकीतला अमोनिया ज्या नायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंमुळे आटोक्यात राहतो, तेही जीवाणूच आहेत. अनेक प्रतिजैविके आणि मिथिलीन ब्लू त्यांनाही मारतात. मग अमोनिया चढतो आणि पर आणखी झिजतात. तुम्ही औषध वाढवता, फेरा चालू राहतो.

विलगीकरण टाकी उघडी-बोडकी असावी. वाळू नाही, दगड नाही. स्पंज फिल्टर, हवेचा पंप, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरे. तळ ५० बाय ३० सेंटिमीटर आणि पाण्याची खरी उंची २४ सेंटिमीटर असेल तर पाणी ३६ लिटर. मात्रा या आकड्यावर काढा, टाकीवर छापलेल्या आकड्यावर नाही.

औषध कोणते? आपल्याकडे माणसांसाठीची टेट्रासायक्लिन कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायची पद्धत फार आहे. समुद्री पाण्यात ती का फसते ते मोजून पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १,२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मिलिमोलमध्ये अनुक्रमे ५३ आणि १०, मिळून ६३. टेट्रासायक्लिनचा रेणुभार सुमारे ४४४. लिटरला २० मिलिग्रॅम औषध टाकले तर ते झाले ०.०४५ मिलिमोल. म्हणजे औषधाच्या प्रत्येक रेणूमागे हे दोन आयन मिळून सुमारे १,४०० असतात. टेट्रासायक्लिन नेमके याच आयनांना घट्ट धरते आणि मग माशाच्या शरीरात नीट शिरत नाही. पाण्याचा रंग बदलतो, मासा तसाच राहतो. मासा खात असेल तर पशुवैद्यक खाद्यातून औषध देण्याचा मार्ग सुचवतात, तो यामुळेच. म्हणूनच खाणे बंद होण्याआधी निदान व्हायला हवे.

औषध निवडायचे काम तुमचे नाही. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे आणि अर्धवट मात्रा म्हणजे औषधाला न जुमानणारे जीवाणू घरी वाढवणे. माशांवर काम करणारा पशुवैद्यक सगळीकडे मिळत नाही हे खरे आहे. मत्स्यविज्ञान महाविद्यालयात विचारा. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरी, मंगळूर, तूतुकुडी इथली मत्स्यविज्ञान महाविद्यालये ही काही ठिकाणे. जाताना फोटो, गुणोत्तरांची नोंद आणि पाण्याचे आकडे घेऊन जा. त्यांच्याशिवाय तिथला तज्ज्ञही अंदाजच करू शकेल.

मात्रा देताना होणारी एक गफलत गणिताने टाळता येते. विलगीकरण टाकीत जैविक गाळणी कमकुवत असते, म्हणून अमोनिया रोज मोजायचा आणि रोज पाणी बदलावे लागते. समजा रोज ४० टक्के पाणी बदलले आणि रोज पूर्ण मात्रा टाकली. पहिल्या दिवशी पाण्यात १ मात्रा. दुसऱ्या दिवशी उरलेली ०.६ अधिक १, म्हणजे १.६. तिसऱ्या दिवशी १.९६. औषधाचे विघटन होत नाही असे धरले तर ही भूमिती श्रेणी २.५ मात्रांवर स्थिरावते. जेवढे पाणी काढले तेवढ्याच भागाची मात्रा, म्हणजे इथे ०.४, परत टाकली तर संहती १ वर राहते. विघटन होणाऱ्या औषधांसाठी वेळापत्रक वेगळे असते, ते विचारून घ्या.

तांबे परांच्या सडण्यावर औषध नाही. ते क्रिप्टोकॅरिऑनसारख्या परजीवींसाठी वापरतात, मुक्त तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात, रोज मोजून. त्याखाली परजीवी वाचतो, फार वर गेले तर मासा दगावतो. कोळंबी, शंख, सी-ॲनिमोन यांना तांबे मारते, आणि चुनखडीचे दगड ते शोषून नंतर हळूहळू सोडतात. म्हणून तेही फक्त उघड्या टाकीत. ब्रुकलिनेलावर तांबे चालत नाही. तिथे फॉर्मॅलिन वापरतात आणि ते तज्ज्ञाच्या हातूनच व्हावे.

आहार आणि परतीची वाट

नवा पडदा बनवायला कोलॅजन लागते आणि कोलॅजनसाठी क जीवनसत्त्व. हाडांचे बहुतेक मासे ते स्वतः बनवू शकत नाहीत. उघडलेल्या खाद्याच्या डब्यातले क जीवनसत्त्व हवेने आणि उष्णतेने कमी होत जाते, म्हणून मोठा स्वस्त डबा वर्षभर पुरवण्यात बचत नाही. लहान पाकीट घ्या, घट्ट बंद करून थंड जागी ठेवा.

झिजेची रेषा थांबली, लाली गेली, पारदर्शक कड दिसू लागली आणि मासा नीट खात असेल, तर परत सोडण्याचा विचार करा. पर पूर्ण वाढेपर्यंत थांबायची गरज नाही, पण तो पुन्हा त्याच जाचात जाता कामा नये. आधी काही दिवस मुख्य टाकीतच भोकांच्या पारदर्शक पेटीत ठेवा. सोडण्याआधी दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्या माशांच्या हद्दी पुसल्या जातात, आणि दिवे मालवल्यावर सोडा. आपल्या उदाहरणातल्या तिसऱ्या क्लाउनफिशला मात्र ही वाटही बंद आहे. त्याला दुसरी टाकी किंवा दुसरे घर शोधा. समुद्रात सोडू नका, टाकीतले जीवाणू आणि परजीवी त्याच्यासोबत जातात.

सराव

१. एकूण अमोनिया लिटरला ०.२५ मिलिग्रॅम आहे. पीएच ७.८ आणि ८.४ असताना मुक्त अमोनिया किती ते काढा. रात्री पीएच थोडा उतरतो. मग तपासणी दिवसाच्या कोणत्या वेळी केली तर धोका कमी लेखला जाईल?

२. रोज २५ टक्के पाणी बदलून रोज पूर्ण मात्रा दिली तर संहती किती मात्रांवर स्थिरावेल?

३. पाच दिवसांची शेपटी आणि शरीराची गुणोत्तरे अशी आहेत: ०.२४, ०.२२, ०.२१, ०.२१, ०.२२. कड पांढुरकी आहे. तुम्ही काय कराल, आणि निर्णयाआधी आणखी कोणत्या दोन गोष्टी पाहाल?